बॅटरी बोनेटमधून गाडीच्या आत हलवताय? या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यात निफाडहून एक जुनी झेन माझ्याकडे नाशिकच्या अंबडला टोचन लावून आली. तक्रार अशी की भल्या सकाळी सेल्फ (स्टार्टर मोटर) मारला की नुसतं टक्-टक् होतं, आणि दुपारी ऊन चढलं की गाडी उचलते. मालकाची दोन महिन्यांत एक नवी बॅटरी घेऊन झाली होती, सेल्फ उतरवून कार्बन बदलून झाले होते. मी बोनेट उघडलं तर बॅटरीची जागा रिकामी. बॅटरी आत, ड्रायव्हरच्या सीटमागे. "दादा, इंजिनाच्या गरमीने बॅटरी टिकत नव्हती, म्हणून आत घेतली," असं ते म्हणाले.

त्यांना सेल्फ मारायला सांगितलं आणि मी ॲक्सिलरेटरच्या केबलवर बोट ठेवलं. दोन सेकंदांत कोमट, चौथ्या सेकंदाला चटका, आणि काळ्या कव्हरमधून जळक्या प्लॅस्टिकचा वास. सगळं उत्तर त्या वासात होतं. बॅटरी मूळ जागी असताना तिची निगेटिव्ह वायर थेट गिअरबॉक्सवर जात होती. बॅटरी मागे नेताना ती वायर काढून टाकली, मागे नवी वायर पत्र्याला जोडली आणि काम संपलं असं धरलं. पण इंजिन तर रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. पत्र्यापर्यंत पोहोचलेल्या अर्थिंगला इंजिनापर्यंत जायला जाड वाटच उरली नव्हती. सेल्फचा शंभर-दीडशे अँपिअरचा करंट ॲक्सिलरेटरच्या आणि क्लचच्या केबलमधून परत येत होता. निफाडच्या थंडीत ऑइल घट्ट झालं की सेल्फला जास्त करंट लागतो, तेवढा त्या बारीक तारांतून मिळत नव्हता. बॅटरी निर्दोष होती, सेल्फही निर्दोष होता.

अठरा वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय. बॅटरी हलवलेल्या ज्या गाड्या बिघडून येतात, त्यांतल्या बहुतेकांत हेच दिसतं: करंटच्या जाण्याच्या वाटेवर सगळे मेहनत घेतात, परतीच्या वाटेचा विचार कोणी करत नाही. आणि जाण्याच्या वाटेवरही पहिला एक फूट उघडा सोडतात.

आधी ठरवा, कशासाठी हलवायची

आपल्या नाशिकला रॅलीचं वेड जुनं आहे. 'रॅली ऑफ महाराष्ट्र' इथल्या रस्त्यांवर झालेली आहे, त्यामुळे जिप्सीतली बॅटरी मागे घ्यायची आहे असं म्हणत येणारी पोरं मला नवी नाहीत. त्यांचं कारण खरं आहे: पुढचं वजन मागे जातं, बोनेटखाली जागा मोकळी होते. दुसरं कारण उष्णतेचं, तेही खरं आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा ठोकताळा आहे. मे महिन्यात द्वारका सर्कलच्या जॅममध्ये उभ्या गाडीच्या बोनेटखाली काय तापतं ते हात घालून बघितलेलं बरं.

पण रोज ऑफिसला जाणारी, घरच्यांना घेऊन त्र्यंबकला जाणारी गाडी असेल तर मी स्पष्ट सांगतो, हलवू नका. उष्णतेसाठी बॅटरीभोवती इन्सुलेशनचं जॅकेट घाला, डायनामोचं (अल्टरनेटरचं) चार्जिंग व्होल्टेज तपासा. बॅटऱ्या लवकर मरण्याचं एक मोठं कारण ओव्हरचार्जिंग असतं, आणि बॅटरी आत नेऊन ते थांबत नाही. उलट तेच ओव्हरचार्जिंग आता तुमच्या मुलांच्या सीटखाली होतं.

कंपन्यांनी स्वतः आत किंवा मागे बॅटरी दिलेल्या गाड्या आहेत. फोक्सवॅगन बीटलची मागच्या सीटखाली, १९५९ च्या मूळ मिनीची डिकीत, बीएमडब्ल्यूच्या कितीतरी गाड्यांची डिकीत. म्हणजे कल्पना चुकीची नाही. फरक एवढाच की त्या कारखान्यांनी गॅसची नळी, कव्हर, पट्टा, केबलची वाट हे सगळं आधी कागदावर मांडलेलं असतं. बीएमडब्ल्यूने तर पॉझिटिव्ह टर्मिनलमध्ये बारूद भरलेला छोटा तोडक बसवला. जोराची धडक बसली की तो सेल्फ-डायनामोकडे जाणारी केबल बॅटरीपासून तोडतो. इतकी भीती त्यांना त्या एका लांब वायरची आहे.

चूक: अर्थिंग म्हणजे जवळचा कुठलाही बोल्ट

मोनोकॉक गाडी असेल, म्हणजे वेगळी चासिस नसलेली, झेन, स्विफ्ट, आय-टेनसारखी, तर मागे निगेटिव्ह बॉडीला जोडलेली चालते. पत्रा तांब्यापेक्षा वाईट वाहक असला तरी पसारा मोठा असतो. मात्र पुढे बॉडीपासून इंजिनाच्या ब्लॉकला किंवा गिअरबॉक्सला तेवढीच जाड पट्टी हवी, जेवढी तुमची पॉझिटिव्ह केबल आहे. कंपनीची जी बारीक वेणीची पट्टी असते ती लहानसहान करंटसाठी दिलेली असू शकते. तिच्या भरवशावर सेल्फ फिरवू नका.

जिप्सी आणि बोलेरोची गोष्ट वेगळी. या गाड्यांची बॉडी चासिसवर रबराच्या गुटक्यांवर बसते. बोलेरो तर आपल्याच नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी, त्यामुळे ती माझ्याकडे जास्त येते. इथे बॉडीला जोडलेली निगेटिव्ह चासिसला नीट पोहोचत नाही आणि चासिसला जोडलेली बॉडीला पोहोचत नाही. बॉडी, चासिस आणि इंजिन, तिन्ही एकमेकांना जाड पट्टीने बांधा. खरं तर अशा गाडीत मी निगेटिव्हचीसुद्धा तांब्याची पूर्ण केबल मागून इंजिनापर्यंत आणतो. केबलचा खर्च दुप्पट होतो, पण ती गाडी त्या तक्रारीसाठी परत येत नाही.

सीटबेल्टच्या बोल्टखाली लग (केबलच्या टोकाची तांब्याची चकती) अडकवलेला मी तीनदा पाहिलाय. जागा सोपी आहे, बोल्ट जाड आहे, म्हणून मोह होतो. तो बोल्ट माणूस धरून ठेवण्यासाठी आहे. त्याच्या खाली तांब्याची चकती गेली की त्याची पकड बदलते. स्वतंत्र भोक पाडा, आठ मिलिमीटरचा बोल्ट घ्या, लगच्या आकाराएवढा रंग आणि प्रायमर घासून चकचकीत पत्रा उघडा करा, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली किंवा रंग लावा. आधी जेली आणि मग बोल्ट असं करू नका. रंग घासून तसाच सोडला तर इगतपुरीचा एकच पावसाळा तिथे गंज आणायला पुरेसा आहे, आणि गंज चढला की तक्रार हळूहळू सुरू होते, त्यामुळे शोधायला वेळ लागतो.

चूक: केबल डोळ्यांनी जाड बघून घेणं

बोनेटमध्ये सेल्फपर्यंत दोन-अडीच फूट वायर होती. मागून आणली की दारांच्या उंबऱ्याखालून वळत पाच मीटर होते. वायर लांबली की व्होल्टेज खाते, याचा हिशेब साधा आहे. सेल्फने १५० अँपिअर ओढले आणि तांब्याची केबल पाच मीटर असेल, तर १६ स्क्वेअर एमएम छेदाच्या केबलवर सुमारे ०.८ व्होल्ट जातात, २५ वर ०.५, ३५ वर ०.३७, आणि ५० वर पाव व्होल्ट. डिझेलचा सेल्फ ३०० अँपिअर ओढत असेल तर हे आकडे दुप्पट करा. लहान पेट्रोल गाडीला ३५ च्या खाली जाऊ नका, डिझेलला ५० च्या.

बाजारात सध्या तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल खूप आली आहे, म्युझिक सिस्टीमच्या किटमध्ये तर सर्रास. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. ती खऱ्या तांब्याच्या दोन-तृतीयांशापेक्षाही कमी वाहते, म्हणजे ३५ ची घेतलीत तरी गाडीला ती २५ च्या तांब्याइतकीसुद्धा मिळत नाही. ओळखायला एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर दुकानदाराला परत द्या. सातपूर-अंबडच्या दुकानांत वेल्डिंगची केबल मिळते, बारीक तारांची आणि लवचिक, मी बरेचदा तीच वापरतो. पण तीही खरवडूनच घ्या, आणि ती ऑइल-पेट्रोलच्या जवळून जात असेल तर वरून पन्हाळी कंड्युइट चढवा, कारण तिचं रबर ऑइलसाठी केलेलं नसतं.

लग हातोडीने चेपू नका. हायड्रॉलिक क्रिंपिंग टूल नसेल तर केबल घेऊन कुठल्याही पॅनल बनवणाऱ्याकडे जा, दोन मिनिटांचं काम आहे. नुसत्या सोल्डरवर भागवलेला जोड सेल्फच्या करंटने तापला की शिसं मऊ होतं आणि तार बाहेर सरकते.

सगळ्यात धोक्याची चूक: फ्यूज नाही, किंवा चुकीच्या टोकाला

कितीतरी गाड्यांत बॅटरी ते सेल्फ या वायरला कंपनी फ्यूज देत नाही. वायर दोन फुटांची, बोनेटखाली, तिच्या वाटेवर माणसं नाहीत, हलणाऱ्या सीट नाहीत. तीच वायर तुम्ही कार्पेटखालून आणलीत की गणित बदलतं. तिचं कव्हर कुठेही कापलं गेलं आणि तांबं पत्र्याला टेकलं, तर चांगली बॅटरी हजाराच्या वर अँपिअर त्या जागेत ओतते. कार्पेट पेटायला काही सेकंद लागतात.

माझ्यासमोर घडलेलं सांगतो. एका मुलाने केबल छान उंबऱ्याखालून नेली होती, लग नीट, तांबं खरं. शेवटी दाराशी उंबऱ्याची प्लॅस्टिकची पट्टी परत बसवली, आणि एक स्क्रू मूळचा सापडेना म्हणून अर्धा इंच लांब स्क्रू लावला. तो स्क्रू केबलच्या कव्हरमधून थेट तांब्यात गेला आणि खाली पत्र्यात रुतला. ठक् असा आवाज आला आणि गाडीतलं सगळं विझलं. फ्यूज उडाला होता, बाकी काही झालं नाही. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, आम्हीच आग्रहाने लावलेला होता. तोच फ्यूज पुढे बोनेटमध्ये असता, तर या स्क्रूसाठी त्याचा उपयोग शून्य होता, कारण आग फ्यूजच्या आधीच्या वायरीत लागली असती.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सहा-सात इंचांत ठेवा. लहान पेट्रोलला साधारण २०० अँपिअरचा मेगा फ्यूज (बोल्टने बसणारा मोठा) सेल्फचा क्षणिक झटका सोसतो. डिझेलला जाड केबलसोबत ३०० पर्यंत. म्युझिक सिस्टीमच्या काचेच्या नळीतले सोनेरी फ्यूज इथे लावू नका. फ्यूज आणि बॅटरी यांच्यातला तो सहा इंचांचा तुकडा मात्र कुणीच वाचवत नाही, त्यामुळे त्यावर दुहेरी स्लीव्ह चढवा आणि टर्मिनलवर रबराचं कव्हर घाला. बीटलमध्ये हे कव्हर हरवलं की मागच्या सीटच्या लोखंडी स्प्रिंगा, वर जाड माणूस बसला की, टर्मिनलला टेकायच्या आणि सीट पेटायची. आपल्याकडेही बॅटरी सीटखाली ठेवतात तेव्हा सीटची फ्रेम आणि टर्मिनल यांच्यातलं अंतर माणूस बसवून मोजा, रिकाम्या सीटवर नाही.

फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, केबल जाते तिथे ग्रोमेट (रबराची कडी) हवाच. पत्र्याच्या भोकाची धार इंजिनाच्या थरथरीने रबर कापत राहते. सीटच्या रुळापासून, पॅडलांपासून आणि सायलेन्सरच्या पाइपपासून लांब न्या, आणि हातभर अंतरावर क्लिपने बांधा.

"मेंटेनन्स फ्री आहे, गॅस नसतो"

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा ऐकतो. मेंटेनन्स फ्री म्हणजे पाणी घालावं लागत नाही, एवढंच. आत ॲसिड तेच, चार्जिंगला हायड्रोजन तोच, आणि तो बाहेर पडायला झाकणात बारीक भोकं असतात. हवेत हायड्रोजन चार टक्के झाला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बोनेटखाली वारा असतो, बंद काचांच्या गाडीत नसतो. रेग्युलेटर बिघडून डायनामो १५ व्होल्टच्या वर गेला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. गाडीच्या आत तो वास आला तर पहिल्यांदा सगळ्यांना खाली उतरवा आणि काचा उघड्या ठेवा. सिगारेट-काडी लांब. चालू चार्जिंगमध्ये टर्मिनल काढू नका, ठिणगी तिथेच पडते.

आत ठेवायची तर एजीएम बॅटरी घ्या. तिच्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, आडवी झाली तरी सांडत नाही, आणि गॅस बहुतेक आतच परत पाणी होतो. पण तिलाही सुरक्षेची झडप असते आणि ओव्हरचार्ज झाली की ती उघडते. म्हणून ज्या बॅटरीच्या झाकणाला बाजूला नळीचं तोंड आहे तीच निवडा, आणि ती नळी फ्लोअरमधून ग्रोमेट लावून गाडीच्या खाली सोडा, सायलेन्सरपासून दूर. झाकणाला दोन्ही बाजूंना तोंड असेल तर दुसरं बुचाने बंद करा. तोंड नसलेली साधी बॅटरी असेल तर गच्च झाकणाची पेटी करून त्या पेटीची नळी खाली काढावी लागते. पेटीला आत उघडणारी भोकं पाडून "हवा खेळते" म्हणणं चुकीचं आहे, ती हवा तुम्ही श्वासात घेता.

ॲसिड सांडलंच तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, फेस थांबेपर्यंत, आणि कार्पेट उचलून खालचा पत्राही धुवा. वरून पुसलं की आत पत्रा खात राहतो.

नायलॉनचा पट्टा आणि दहा किलो

३५ अँपिअर-अवरची लहान बॅटरी नऊ-दहा किलोची, मोठी डिझेलची सतरा-अठरा. समोरासमोर धडकेत वीस 'जी'चा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट, झटका धरला तर दहा किलोची बॅटरी दोनशे किलोच्या जोराने पुढे येते, आणि पुढे तुमचं डोकं असतं. सामान बांधायचा पट्टा, खोक्यात ठेवून दोन्हीकडून लावलेल्या उशा, वेल्क्रो, यातलं काहीही नको. रॅलीसाठी एफआयएचे (जागतिक मोटारस्पर्धा संघटनेचे) नियम जागा बदललेल्या बॅटरीबद्दल जे सांगतात ते रस्त्याच्या गाडीलाही लावा: धातूची बैठक, दोन धातूच्या पट्ट्या, कमीत कमी १० मिलिमीटरचे बोल्ट, आणि प्रत्येक बोल्टखाली पत्र्याच्या खालच्या बाजूने किमान ३ मिलिमीटर जाडीची, २० चौरस सेंटिमीटरची प्लेट. ती प्लेट नसली की बोल्ट पातळ पत्रा फाडून वर येतो. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून पेट्रोलची आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते स्वतः बघा.

नव्या गाड्यांबद्दल थोडं

निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असेल, तर तो बॅटरीसोबत हलवावा लागतो आणि बॅटरीचा सगळा करंट त्याच्यातूनच जायला हवा. सीटखालची पिवळी वायर म्हणजे एअरबॅग; तिला हात लावू नका, आणि बॅटरी काढल्यावर गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबल्याशिवाय सीट सैल करू नका. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. आत तर हे जास्तच पाळा, कारण पाना जिकडे फिरवाल तिकडे लोखंड आहे.

मेन स्विच लावणार असाल तर नुसती बॅटरी तोडणारा नको. चालू इंजिनात बॅटरी तुटली की डायनामोचं व्होल्टेज उसळतं आणि डायोड, कधी ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जातो. इंजिनही त्याच झटक्यात बंद करणारा, जादा संपर्क असलेला स्विच घ्या.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा, वॉरंटीत असलेल्या गाडीत मुळीच करू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर आहे, त्याबद्दल आरटीओत आधी विचारून घ्या.

हलवून झाली, आता त्रास देतेय

भाग बदलायच्या आधी मल्टीमीटर काढा. बॅटरी रात्रभर शांत ठेवून मोजा: १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. मग मीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि काळी सेल्फच्या जाड बोल्टवर धरा. कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर केबल बारीक आहे किंवा लग, फ्यूजची पकड कुठेतरी सैल आहे. मग एक पिन निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर: इथे ०.३ च्या वर गेलं की परतीची वाट खराब. त्या झेनमध्ये हा आकडा दोन व्होल्टच्या वर होता. ३५ स्क्वेअर एमएमची पट्टी गिअरबॉक्स ते बॉडी लावली, आकडा ०.१५ वर आला, आणि जळलेली ॲक्सिलरेटर केबल बदलली. क्लचचीही बदलली, कारण एकदा तापलेली केबल नंतर घाटात तुटते.

सेल्फ उत्तम पण बॅटरी दोन-तीन दिवसांत उतरते, तर निगेटिव्हच्या मध्ये मीटर लावा आणि गाडी बंद करून अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत ठीक. जास्त असेल तर एक एक फ्यूज काढत बघा. म्युझिकमध्ये इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी आली तर आधी अर्थिंग बघा. नाहीतर सिग्नलची वायर नव्या केबलच्या शेजारून नेली असेल, ती दुसऱ्या बाजूने काढा. चार्जिंग मागे कमी दिसतं, तर डायनामोवर आणि बॅटरीवर इंजिन चालू असताना दोन्हीकडे मोजा. फरक ०.२ व्होल्टच्या आत हवा.

आठवड्याभराने सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा, तांबं आणि शिसं पहिल्या काही दिवसांत बसतं. लागोपाठ दोन-तीनदा सेल्फ मारून फ्यूजच्या दोन्ही टोकांना हात लावा. एक टोक दुसऱ्यापेक्षा गरम असेल तर तो नट उघडून साफ करा. आणि पावसाळ्याआधी गाडी रॅम्पवर चढवून गॅसची नळी चिखलाने बुजली नाही ना, हे फुंकर मारून बघा, तोंड लावून नव्हे, सायकलच्या पंपाने.